साष्टींतील लेणीं आणि प्रवाशांचीं स्मृतिचिह्नें

१. देशाटन करून परतणारा मनुष्य सहसा रिकाम्या हातानें घरीं येत नाहीं. पाहिलेल्या स्थळाची कांहीं खूण सोबत असावी ही इच्छा स्वाभाविक आहे व ती फार जुनी आहे. परंतु या निरुपद्रवी दिसणाऱ्या इच्छेपायीं इतिहासाचीं किती साधनें नाहींशीं झालीं, व किती केवळ तिच्याचमुळें राखलीं गेलीं, याचा विचार संग्राहक मंडळींनीं क्वचितच केला आहे. प्रस्तुत लेखांत तो साष्टीपुरता करण्याचें योजिलें आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादि मुंबईचीं उपनगरें आज ज्या भूमीवर दाटलीं आहेत तीच ही साष्टी. कान्हेरी, मंडपेश्वर, जोगेश्वरी व अंधेरीजवळील कोंडिविटें ऊर्फ महाकाली हीं लेणीं येथेंच असल्यामुळें प्रवासी व त्यांचीं स्मृतिचिह्नें यांचा इतिहास या एका टापूंत हजार वर्षांहून अधिक काळ पाहावयास मिळतो.

२. प्रथम शब्दाचा विचार करूं. आठवणीच्या वस्तूस संस्कृतांत ‘अभिज्ञान’ असा नेमका शब्द आहे. ज्या वस्तूवरून ओळख पटते ती वस्तु अभिज्ञान होय. रामानें मारुतीबरोबर सीतेकडे पाठविलेली अंगठी हें अभिज्ञान, व सीतेनें परत पाठविलेला चूडामणि हेंही अभिज्ञान. कालिदासाच्या नाटकाचें नांवच या शब्दावर बेतलेलें आहे. त्यांतील अंगठी पाण्यांत पडली, माशाच्या पोटांत गेली, धीवराच्या हातीं लागली, आणि तरीही ती राजापर्यंत पोंचली. याचें कारण एवढेंच कीं, तिच्यावर राजाचें नांव कोरलेलें होतें. नांव नसतें तर ती बाजारांत सोन्याच्या भावानें विकली गेली असती. कोणाची व कोठली हें जी वस्तु सांगूं शकते तीच अभिज्ञान. जी सांगूं शकत नाहीं ती केवळ वस्तु. पुढील सर्व विवेचनाचें बीज या भेदांत आहे.

३. आपल्याकडील यात्रेकरूंची चाल या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. काशीहून गंगेचा गडू, गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण, पंढरीची तुळशीची माळ व बुक्का या वस्तु घरोघर देव्हाऱ्यांत आढळतात. वरसईचे विष्णुभट गोडसे इ. स. १८५७ त उत्तरेस गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, जवळचें द्रव्य गमावून बसले. परंतु परततांना गंगेची कावड त्यांनीं खांद्यावरून घरीं आणली. या सर्व वस्तूंत एक गोष्ट समान आहे. त्या नेल्यानें स्थळाचें कांहीं उणें होत नाहीं. गंगेंतून कोट्यवधि गडू भरले गेले तरी गंगा गंगाच राहते. यात्रेकरूनें देवळाचा चिरा किंवा मूर्तीचा हात आठवण म्हणून आणल्याचें आपण ऐकत नाहीं. उलट तो तेथें कांहीं तरी ठेवून येतो, पायरीवर नांव घालतो, दीपमाळ बांधतो, निदान पैसा तरी वाहतो.

४. बौद्धांनीं या विषयाचें शास्त्रच केलें होतें. पूजनीय स्मारकांचे तीन प्रकार पालि ग्रंथांत सांगितले आहेत: शारीरिक, म्हणजे अस्थि इत्यादि, पारिभोगिक, म्हणजे पात्र, चीवर अशा वापरांतील वस्तु, आणि उद्देशिक, म्हणजे मूळास उद्देशून केलेल्या प्रतिमा. पहिले दोन प्रकार मर्यादित आहेत. तिसरा मात्र हवा तितका वाढवितां येतो, व दूरच्या भक्ताची सोय त्यानेंच होते. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इ. स. ६४५ त स्वदेशीं परतला तेव्हां वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ त्यानें नेले. सोबत बुद्धाच्या मूर्ति होत्या. त्यांत कौशांबीच्या प्रसिद्ध चंदनी मूर्तीच्या धर्तीवर केलेली प्रतिकृति होती. मूळ मूर्ति जागच्या जागींच राहिली. सिंधु ओलांडतांना त्याच्या कांहीं पोथ्या बुडाल्या, तेव्हां त्यांच्या दुसऱ्या प्रती करून आणविण्यासाठीं तो वाटेंत थांबला. मूळ जागेवर असल्यामुळेंच ती नुकसानी भरून निघाली, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानीं धरण्यासारखी आहे.

कान्हेरीसही याच चालीचा पुरावा आहे. रेल्वेचे इंजिनियर व पुढें पहलवी भाषेचे पंडित म्हणून नांवाजलेले एडवर्ड वेस्ट यांस इ. स. १८५३ त तेथील एका लेण्यांत धुळींत दडलेल्या वाळल्या मातीच्या अनेक मुद्रा सांपडल्या. त्यांवर बुद्धाची आकृति व बौद्धांचें धर्मसूत्र उठविलेलें होतें. अक्षरें सुमारें दहाव्या शतकांतील मानिलीं गेलीं. अशा मुद्रा बौद्ध क्षेत्रांत ठिकठिकाणीं सांपडतात. मूठभर माती व एक सांचा एवढ्यावर हें काम होई. वाटेल त्या गरीब यात्रेकरूस ती परवडे, आणि पर्वताचा एक कपराही फुटत नसे.

५. पुढचे प्रवासी वेगळ्या धर्माचे आहेत. कान्हेरीच्या ९० व्या लेण्यांत पहलवी लिपींत कोरलेले पारशी प्रवाशांचे लेख आहेत. वेस्ट यांनीं त्यांचें वाचन इ. स. १८८० त प्रसिद्ध केलें. पहिल्या दोहोंत येज्दगर्दी सन ३७८ आहे, व त्यांच्या तारखा अनुक्रमें १० आक्टोबर व २४ नोव्हेंबर १००९ अशा पडतात. तिसऱ्याची ३० आक्टोबर १०२१ ही आहे. मजकूर म्हणजे आलेल्यांचीं व त्यांच्या वडिलांचीं नांवें आणि येण्याचा दिवस. या मंडळींनीं डोंगरावरून काय नेलें हें कोणास ठाऊक नाहीं, परंतु त्यांनीं मागें ठेवलेल्या चार ओळी आज पश्चिम किनाऱ्यावरील पारशांच्या इतिहासाचें मोलाचें साधन ठरल्या आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, मग आजच्या सुटीच्या दिवशीं येणाऱ्या तरुणांनीं भिंतीवर नांवें खरडलीं तर आपण कां रागावतां? उत्तर सोपें आहे. त्या काळीं वहीचा व छायाचित्राचा मार्ग नव्हता, व लेणीं हीं रक्षित स्मारकें नव्हतीं. आज दोन्ही आहे. इतकेंच नव्हे, तर आजच्या खरडण्याखालीं जुनीं अक्षरें बुजतात. आपलें नांव राहावें म्हणून दुसऱ्याचें पुसणें याला स्मरण म्हणतां येणार नाहीं.

६. यापुढील काळांत प्रवाशांच्या हाताची गति पालटते. घारापुरी साष्टीबाहेर असली तरी तिचें उदाहरण येथें घेतलेंच पाहिजे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु लिहितो कीं, तेथील द्वारावर एक मोठी लेखयुक्त शिला होती. ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यांत आली. तेथें ती वाचणारा कोणी मिळेना, व पुढें ती नाहींशी झाली. शिला गेली, आणि तिची नक्कलही विद्वानांच्या हातीं आलेली नाहीं. घारापुरीचीं लेणीं कोणी कोरविलीं याविषयीं आज जी वादावादी चालते, ती त्या एका शिलेनें कदाचित् मिटली असती. दरबारांत नवलाईची वस्तु म्हणून गेलेल्या एका भेटीची ही किंमत आहे.

याच्या उलट उदाहरण त्याच राष्ट्राच्या जुवांव द कास्त्रु याचें. हा इ. स. १५४५ पासून १५४८ पर्यंत गोव्याचा अधिकारी होता. सिंत्रा येथील त्याच्या पेन्य व्हेर्द नांवाच्या बागेंत सोमनाथाकडील एक संस्कृत प्रशस्ति जाऊन पोंचली. नेणें सारखेंच, परंतु ती शिला एका जागीं स्थिर राहिली, विल्किन्स यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचें भाषांतर केलें, व पुढें ब्यूलर यांनीं ती संपादून छापली. सारंगदेव वाघेल्याच्या कारकीर्दींतील, विक्रम संवत् १३४३ चा, हा लेख त्यामुळें इतिहासास परत मिळाला. लेखांतच काळ व स्थळ असल्यामुळें त्या शिलेनें, शकुंतलेच्या अंगठीप्रमाणें, आपली ओळख आपणच दिली. मुकी मूर्ति असती तर तिला बागेची शोभा यापलीकडे अर्थ उरला नसता.

७. आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. सतराव्या शतकापासून कान्हेरीस युरोपीय प्रवाशांची रीघ लागली. फ्रायर इ. स. १६७५ त, जेमेल्ली कारेरी १६९५ त, आंकेतिल द्युपेरों १७६० त व बिशप हेबर १८२५ त येऊन गेले. यांपैकीं ज्यांनीं वर्णनें लिहिलीं, मापें घेतलीं, अक्षरें उतरलीं, त्यांचें ऋण आजही मानावें लागतें. इ. स. १८३९ त डॉक्टर जेम्स बर्ड यांनीं तेथील एक मोठा स्तूप खणविला. जमिनीच्या पातळीस येतांच एक वाटोळा, मध्यें पोखरलेला, वर झांकण बसविलेला दगड लागला. त्यांत तांब्याचे दोन करंडक होते. एकांत राख, एक माणिक, एक मोतीं, सोन्याचे लहान तुकडे आणि वस्त्राची चिंधी असलेली सोन्याची डबी. दुसऱ्यांत राख व रुप्याची डबी. जोडीला लेख असलेले दोन ताम्रपट.

त्यांपैकीं महत्त्वाच्या लेखावर त्रैकूटकांच्या राज्यांतील संवत् २४५, म्हणजे सुमारें इ. स. ४९४, हा काळ आहे. सिंधुदेशांतील कनक गांवच्या बुद्धरुचीनें कृष्णगिरीच्या महाविहारांत शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे बुद्धशिष्य सारिपुत्राच्या, नांवें चैत्य बांधल्याचें त्यांत सांगितलें आहे. साष्टीवर त्रैकूटकांची सत्ता, कान्हेरीचें ‘कृष्णगिरि’ हें संस्कृत नांव, सिंधहून येथवर येणारा भक्त, या गोष्टी एका पत्र्यानें प्रस्थापित झाल्या. मात्र तो पत्रा आज कोठें आहे? मिराशी यांनीं इ. स. १९५५ त कलचुरि-चेदि लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हां त्यांस छापील प्रतिकृतीवरूनच काम भागवावें लागलें. मूळ ताम्रपट गेला. उरली ती छाप.

या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. बर्ड यांनीं छाप घेऊन प्रसिद्ध केली नसती तर बुद्धरुचीचें नांव पंधराशें वर्षांनीं दुसऱ्यांदा, आणि आतां कायमचें, पुसलें गेलें असतें. माणिक, मोतीं व डब्या यांची कथा तर वर्णनाच्या दोन ओळींतच संपली.

८. याच्याशेजारीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें सोपारें येथील काम ठेवून पाहावें. वसईच्या बाजूस असलेल्या ‘बुरुड राजाच्या कोटा’चें उत्खनन त्यांनीं इ. स. १८८२ च्या एप्रिलांत केलें. दगडी पेटींत तांब्याचा, त्यांत रुप्याचा, मग पाषाणाचा, स्फटिकाचा व शेवटीं सोन्याचा असे एकांत एक करंडक, सोन्याचीं फुलें, भिक्षापात्राच्या मानिलेल्या तेरा कपऱ्या, भोंवतीं आठ कांस्यमूर्ति, व यज्ञ सातकर्णीचें एक नाणें इतकें त्यांस मिळालें. कोणती वस्तु कोणत्या वस्तूच्या आंत व कोणत्या अंगास होती, याची त्यांनीं टिपणी ठेवली, अहवाल छापला, आणि वस्तु एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन केल्या. त्या तेथें आजही एकत्र आहेत. बर्ड व भगवानलाल यांच्या विद्वत्तेची तुलना येथें अभिप्रेत नाहीं. त्रेचाळीस वर्षांच्या अंतरानें झालेल्या दोन उत्खननांचा वस्तूंच्या दृष्टीनें किती भिन्न परिणाम झाला, एवढेंच दाखवावयाचें आहे.

९. एक आक्षेप रास्त आहे व तो टाळूं नये. नेणाऱ्यानें नेलें म्हणून पुष्कळ वस्तु वांचल्या, नाहीं तर त्या पायरींत व चुन्याच्या भट्टींत गेल्या असत्या, असें म्हणतात. हें अनेकदां खरें आहे. परंतु वांचविणें व खिशांत घालणें यांत फरक आहे. वांचविणारा कोठून, केव्हां, कशासह हें लिहून ठेवतो व अधिकाऱ्यांस कळवितो. १८७८ चा निधिविषयक कायदा, १९०४ चा व १९५८ चा स्मारकांचा कायदा, आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा यांचाही रोख तोच आहे. शिवाय कांहीं वस्तूंचा अर्थ त्यांच्या जागेंतच असतो. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळ पाहा. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या ग्याझेटियरांत सहा वीरगळांचें वर्णन आहे. त्यांवरील गलबतांची लढाई खाडीकाठच्या त्या गांवांत उभें राहून पाहिली म्हणजे समजते. तोच दगड परक्या दिवाणखान्यांत केवळ नक्षीकाम होतो.

आम्ही शाळेंत असतांना मुलांस घेऊन कान्हेरीस जात असूं. परततांना मुलांच्या खिशांत विटांचे तुकडे व खापऱ्या निघत. त्या जागच्या जागीं ठेववून आम्ही प्रत्येकाकडून शिलालेखाची एक ओळ हातानें वहींत उतरवून घेत असूं. खापरी घरीं आठ दिवसांत केरांत जाते. परंतु ब्राह्मी अक्षरांची ती ओळ पुढें पुष्कळ वर्षांनीं भेटलेल्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस न पाहतां काढून दाखविली आहे.

१०. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा विचार अधिकच लागू आहे. काशी, नाशिक, पैठण येथें यात्रेस गेलेला हौशी मनुष्य जुन्या बाजारांतून चित्र असलेलें एक पान आठवण म्हणून आणतो. विकणाऱ्यास पोथीपेक्षां सुटीं पानें विकणें किफायतशीर पडतें, म्हणून पोथी फुटते. ज्या शेवटच्या पानावर लेखकाचें नांव, शक, गांव व कोणासाठीं लिहिली हें असतें, त्यावर चित्र नसल्यामुळें तें रद्दींत जातें. म्हणजे अंगठीवरचें नांव घासून टाकून सोनें तेवढें विकण्यासारखेंच हें आहे.

यास्तव आमची सूचना अशी आहे. सुटें पान विकत घेऊं नये. घ्यावी तर सबंध पोथी घ्यावी. जी वस्तु आधींच घरांत आली आहे तिच्यासोबत ती कोठून, कोणाकडून व कोणत्या सालीं आली याची चिठ्ठी आजच लिहून ठेवावी, कारण संग्राहकामागें हें सांगणारा कोणी उरत नाहीं. लेण्यांत गेल्यास वही, मोजपट्टी व छायाचित्र यांवर संतोष मानावा. शिलेचा कागदी ठसा घेणें झाल्यास तो पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनेंच घ्यावा. घेतलेल्या नकलेची एक प्रत मंडळाच्या दप्तरीं द्यावी. बुद्धरुचीचा पत्रा आपणांस परत मिळेल कीं नाहीं हें दैवाधीन आहे. परंतु अशा एका नकलेनेंच त्याचें दान आपणांपर्यंत पोंचविलें आहे, आणि तितकें काम आपणांपैकीं प्रत्येकाच्या हातून होण्यासारखें आहे.