संवेदी खेळ, घरगुती
स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या संवेदना फार तीव्र किंवा अपुऱ्या जाणवणाऱ्या मुलांसाठी घरी करायचे खेळ व कामे. यांमागील संवेदी एकात्मतेचा सिद्धांत अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स (१९२०–८८) यांनी मांडला. कणीक मळणे, ओले कपडे पिळणे, पाण्याची छोटी बादली उचलणे यांतून स्नायू-सांध्यांवर जोर येतो व अनेक मुले शांत होतात. झोपाळ्याची संथ लय बहुधा निववते. गरगर फिरणे उत्तेजित करते. तांदळात लपवलेल्या वस्तू शोधताना मोठ्यांनी जवळ बसावे, कारण लहान मुले दाणे नाकातोंडात घालतात. चिकट स्पर्श न सोसणाऱ्या मुलावर जबरदस्ती करणे ही क्रूरताच. त्याच्या हाती आधी चमचा द्यावा. या खेळांच्या परिणामांचे पुरावे मर्यादित आहेत. मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका डीएसएम-५ने (२०१३) अशा संवेदी अडचणींना स्वतंत्र विकृती मानलेले नाही. मात्र असाधारण संवेदी प्रतिसादाचा समावेश स्वमग्नतेच्या निकषांत केला आहे.