उज्जैनची वेधशाळा आणि अपुरी पोहोचलेली विद्या

धनवान राष्ट्रांकडून निर्धन राष्ट्रांकडे यंत्रविद्या कशी जाते, याची चर्चा बहुधा कर्जे व कारखाने यांपुरतीच होते. आम्ही येथे एका जुन्या प्रसंगाकडे वळतो. कारण त्यात विद्येचे वाहक धर्मगुरू होते.

उज्जैनच्या फ्रीगंज भागातून रेल्वेमार्ग ओलांडून क्षिप्रेच्या दिशेने गेले असता सवाई जयसिंहाची वेधशाळा लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली सम्राटयंत्र, नाडीवलययंत्र इत्यादी यंत्रे तेथे आहेत. जयसिंह निर्धन नव्हता. पदरी ज्योतिषी होते. युरोपातील वेधांची माहिती मात्र त्यास हवी होती. म्हणून त्याने आग्र्याचे जेझुइट फादर मॅन्युएल द फिगरेदो यांच्यासमवेत पोर्तुगालला शिष्टमंडळ धाडले. ते १७२९ साली लिस्बनला पोहोचले आणि परतताना फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके घेऊन आले.

जयसिंहाने ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला, अशी नोंद 'झीज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथात आहे.

परंतु केप्लरचे नियम, न्यूटनचा १६८७ चा सिद्धांत, दुर्बिणीच्या साहाय्याने सूक्ष्म कोन मोजण्याची रीत, यांपैकी काहीही या वेधशाळांत रुजले नाही. या शास्त्रात पोर्तुगाल पुढारलेले नव्हते. शिवाय सूर्यकेंद्री मतावर रोमने १६१६ साली घातलेला निर्बंध अद्याप उठलेला नव्हता. फादर फिगरेदोंच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि वाहक जेवढे दाखवू शकतो तेवढेच घेणाऱ्यास दिसते.

१७४३ साली जयसिंह वारला. पुढे उज्जैन शिंद्यांकडे आले, वेधशाळा मोडकळीस आली. १९२३ साली ग्वाल्हेर संस्थानाने तिचा जीर्णोद्धार केला; त्या कामी ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांची विद्वत्ता उपयोगी पडली.

आपल्या संस्थांमार्फतही पंप, बियाणे, औषधे खेड्यांत पोहोचतात. तेथील पाळकांनी व कॅटेकिस्टांनी स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. वस्तूबरोबर तिची दुरुस्ती व तिच्यामागील शास्त्र आपण शिकवितो काय? आणि आपण आणलेली वस्तू आपल्याच शेतात पारखून, उणी ठरल्यास तसे स्पष्ट सांगण्याची मोकळीक गावकऱ्यांस आहे काय? जयसिंह राजा होता, म्हणून त्यास ती मोकळीक होती. गरीब शेतकऱ्यास ती आपणच दिली पाहिजे.