वाहून नेलेले घर : फरासखाना ते अंतराळ

घोडबंदर रोडने जाताना आज नजरेत भरतात ते टॉवर आणि क्रेन. याच रस्त्याने पुढे गेल्यावर खाडीकाठी घोडबंदरचा जुना पोर्तुगीज किल्ला लागतो. १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांच्या हाती आले. वसई पडायला मात्र १७३९ चा मे महिना उजाडला. मध्ये दोन पावसाळे गेले. या लढायांच्या हकिगती आपण वाचतो, पण घरदार सोडून आलेली हजारो माणसे एवढा काळ राहिली कशात, हे फारसे विचारत नाही. अंतराळात माणसाला राहण्यासाठी घडीची, हलकी घरे कशी करावीत याचा विचार आज चालू आहे. त्या निमित्ताने हा जुना प्रश्न नव्याने विचारण्यासारखा आहे.

मराठ्यांच्या अठरा कारखान्यांपैकी एक फरासखाना. डेरे, राहुट्या, कनाती, बिछायत हे सारे त्याच्या ताब्यात असे. पुण्यातल्या पोलीस ठाण्याने ते नाव अजून टिकवले आहे. त्यामागचे काम मात्र विस्मरणात गेले. कापड आपणहून उभे राहत नाही. खांब दाब सोसतो, दोर ताण सोसतात आणि मेखा जमीन धरून ठेवतात. या तिघांचा तोल साधला की घर उभे राहते. दाब सोसणारी वस्तू बारीक असेल तर वाकते, म्हणून खांब जाड लागतो. ताण सोसणारी वस्तू बारीक असली तरी चालते. म्हणून बैलाच्या किंवा उंटाच्या पाठीवरून घर नेता येत असे.

अंतराळातल्या कापडी घरात खांबाचे काम आतली हवा करते. बाहेर निर्वात असते आणि आत पृथ्वीवरच्याइतका दाब ठेवला, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा बसतो. तो सारा ताणाच्या रूपाने कापडावर येतो. तत्त्व डेऱ्याचेच, फक्त मेखा नाहीत.

असे घर उघडताना काय होते, हे २०१६ मध्ये दिसले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला ‘बीम’ नावाची कापडी खोली जोडण्यात आली. तिचे वजन सुमारे १,४०० किलो आणि फुगल्यावर आतली जागा सुमारे १६ घनमीटर. २६ मे रोजी हवा भरायला सुरुवात झाली, पण खोली अपेक्षेइतकी फुगेना. काम थांबवावे लागले. बराच काळ घडीत दाबून राहिल्यामुळे थर एकमेकांना धरून बसले असावेत, असे तंत्रज्ञांचे अनुमान होते. २८ मे रोजी अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी झडप थोडी थोडी उघडत, मध्ये थांबत, सात तासांहून अधिक वेळ हवा सोडली, तेव्हा खोली उभी राहिली. घडी करून ठेवलेले कापड ऐनवेळी अडते, हे फरासाला नवे नव्हते. फरक इतकाच, की तो कापड झटकू शकत होता.

१९७३ मध्ये ‘स्कायलॅब’चे उष्णतारोधक कवच उडताना फाटून गेले आणि एक सौरपंख अडकला. अंतराळवीरांनी आतून छत्रीसारखे आच्छादन बाहेर काढून उघडले, आणि नंतर बाहेर जाऊन पंखाला अडवणारी पट्टी कापली. आपल्या ‘ॲपल’ उपग्रहाचे एक सौरपटल १९८१ मध्ये उघडले नाही. १९८२ मध्ये ‘इन्सॅट-१ए’चे सौरशीड उघडले नाही. तिथे हात पोहोचण्याची सोयच नव्हती. घडीची वस्तू बहुधा फसते ती उलगडताना, आणि तेव्हा जवळ माणूस असणे निर्णायक ठरते.

दुसरा धडा ‘छावणी’ या शब्दात आहे. रोजचा मुक्काम म्हणजे तळ. छावणी ती पावसाळ्याची. छावणे म्हणजे शाकारणे. कोकणातल्या पावसापुढे डेऱ्याचे कापड किती टिकणार? पावसाळ्यासाठी जागेवरचेच गवत, बांबू, पाने घेऊन छप्पर करावे लागे.

चंद्रावरही हेच आहे. कापड हवा धरून ठेवील, पण तिथे वातावरण नाही, त्यामुळे वैश्विक किरण आणि बारीक उल्का थेट येऊन पोहोचतात. त्यांना अडवायला जाडी आणि वजन हवे, आणि एवढे वजन पृथ्वीवरून नेणे परवडत नाही. म्हणून घर न्यायचे आणि वर चंद्राचीच माती काही फूट रचायची, असा विचार पुढे आला आहे. चंद्रावरची ती छावणीच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोने अशा राहणीची सराव मोहीम सुरू केली. ‘हॅब-१’ हे फुगवून उभे करायचे घर तिथे वापरले गेले. आका स्पेस स्टुडिओ आणि लडाख विद्यापीठाबरोबर आयआयटी मुंबई त्यात सहभागी होती. घोडबंदर रोड ज्या डोंगररांगेच्या उत्तरेने जातो, तिच्याच दक्षिणेला पवईची ही संस्था आहे. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे भारताने ठरवले आहे. पुढे चंद्रावर राहायचे झाले, तर कापड किती हलके, घडी किती लहान, याचा हिशेब होईलच. त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी मांडाव्या लागतील : अडलेली घडी जाड हातमोजे घालून कोण सोडवणार, आणि छपराची माती कोण ओढणार. फरासखान्याच्या काळी त्या कामाला माणसे नेमलेली असत.