पक्षाघाताचा माग मानेपर्यंत

१० नोव्हेंबर १६०८ रोजी नेपल्स शहरात थिआटिन संघाचे वयोवृद्ध धर्मगुरू आंद्रेआ आवेल्लिनो मिस्सा अर्पण करण्यासाठी वेदीपाशी उभे राहिले आणि प्रारंभीच्या प्रार्थनेतच झटका येऊन कोसळले. त्याच दिवशी त्यांना देवाज्ञा झाली. जुन्या गोव्यातील संत कायतानचे चर्च ज्या संघाने बांधले, त्याच संघाचे हे संत. १७१२ साली त्यांना संतपद लाभले. आकस्मिक मरणापासून रक्षण व्हावे म्हणून भाविक त्यांचा धावा करू लागले.

हा आघात आभाळातून कोसळावा तसा येतो, अशीच पूर्वापार समजूत होती. त्याला ग्रीकांनी दिलेल्या नावाचा अर्थच मुळी 'तडाखा' असा आहे. आपल्याकडे दोष वाऱ्याच्या माथी. 'अंगावरून वारे गेले' असे आमच्या धर्मग्रामातील वडीलधारी माणसे आजही म्हणतात. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पोहोचविणाऱ्या कॅरोटिड धमन्यांचे नावही ग्रीकच. त्याचा अर्थ गुंगी, कारण त्या दाबल्या असता माणूस गुंगतो असे प्राचीनांना वाटे. म्हणजे खूण पुरातन काळीच हाती होती. तिचा अर्थ लागायला मात्र शतके जावी लागली.

१६५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचे वैद्य योहान याकोब वेपफर यांनी अशा रुग्णांच्या शवविच्छेदनांवर ग्रंथ लिहिला. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झालेला त्यांना आढळला. धमनी बुजल्यामुळेही मेंदूला रक्त मिळेनासे होते, हेही त्यांनी नोंदविले. पुढे १६६४ साली इंग्लंडच्या टॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे वर्णिले. त्या ग्रंथासाठी चित्रे काढली ती लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या ख्रिस्टोफर रेन यांनी! एका माणसाची उजवी कॅरोटिड पूर्ण बुजलेली असूनही त्याला पक्षाघात झाला नव्हता, कारण दुसऱ्या वाटेने रक्त पोहोचत होते, असे विलिस यांना दिसले. निर्मात्याने केलेली ही पर्यायी तरतूद पाहून आम्हाला अजूनही अचंबा वाटतो. मात्र ती सर्वांच्या ठायी सारखी नसते.

त्यानंतर फार काळ सर्वांचे लक्ष मेंदूवरच खिळून राहिले. १९०५ साली प्रागचे हान्स किआरी यांनी मानेतील धमनीच्या दुभाजकापाशी साचणाऱ्या गुठळ्यांकडे बोट दाखविले. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगाश मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या या धमन्या क्ष-किरणांत दृश्यमान केल्या. तरीही शवविच्छेदनाच्या वेळी कवटी उघडली जाई, मान सहसा उघडली जात नसे.

ही मान उघडली कॅनडाच्या डॉ. मिलर फिशर यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते आणि काही वर्षे जर्मनांच्या कैदेत राहिले होते. मॉन्ट्रिअलमध्ये डाव्या अंगाने लुळा पडलेला एक रुग्ण त्यांना म्हणाला, की त्याआधी काही वेळा आपल्या उजव्या डोळ्यासमोर क्षणभर अंधार येत असे. ऐकणाऱ्याला ही बाजूंची गफलत वाटावी. फिशर यांनी मात्र ते बोलणे मनावर घेतले. उजवा मेंदू डाव्या अंगावर सत्ता चालवितो. पण उजव्या डोळ्याला रक्त मिळते ते उजव्याच कॅरोटिडच्या शाखेतून. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच, उजव्या बाजूची मान! दुभाजकापाशी मेदाचा थर साचून धमनी अरुंद होते, त्याचे कण किंवा गुठळ्या सुटून वर जातात. कण विरला तर अंधार ओसरतो, न विरला तर अंग जाते. १९५१ साली फिशर यांनी हे मांडले आणि एक दिवस शस्त्रक्रियेने ही वाट मोकळी करता येईल, असे भाकीतही केले.

तो दिवस दूर नव्हता. १९ मे १९५४ रोजी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी वारंवार असे तात्पुरते झटके येणाऱ्या एका ६६ वर्षांच्या बाईंचे शरीर बर्फाने थंड करून धमनीचा रोगट भाग काढला व टोके जोडली. झटके थांबले. ह्यूस्टनच्या डीबेकी यांनी धमनीतील थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया १९५३ मध्येच केली होती. पण ती हकिकत त्यांनी प्रसिद्ध केली १९७५ साली.

आम्हाला या इतिहासाची ओढ लागण्याचे कारण वेगळे आहे. रुग्णाभ्यंगासाठी रात्री-अपरात्री बोलावणे येते. प्रार्थना आटोपल्यावर घरचे कोणी हलकेच सांगते, "फादर, आठ दिवसांपूर्वी बाबांच्या हातातून कप गळून पडला होता, जीभही जड झाली होती. पण दहा मिनिटांत सगळे ठीक झाले, म्हणून कुणाला सांगितले नाही." असे आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांची नावे सर्वांना पाठ असतात. हा गळून पडलेला कप मात्र कुणी मनावर घेत नाही.

१९९१ साली उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. असा झटका किंवा सौम्य पक्षाघात नुकताच होऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्के वा अधिक अरुंद झालेल्या रुग्णांपैकी, केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. धमनी थोडीच अरुंद असेल तर शस्त्रक्रियेने लाभ नाही, हेही अशा चाचण्यांतून स्पष्ट झाले. पुढे २००४ साली या चाचण्यांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा शेवटच्या झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ सर्वाधिक आणि बारा आठवडे उलटल्यावर तो फारसा उरत नाही, असे दिसले. कप पडला त्या घरात तेव्हा आठच दिवस झाले होते.