कोंडवाडा, कुलूप आणि क्रेन : आपल्या आवारातली परक्याची गाडी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघाचौघांनी आम्हाला विचारलं, की तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता पार्किंगवर काय बोलणार? आमचं उत्तर असं, की मालकी म्हणजे काय हा प्रश्न जितका ग्रंथात आहे, तितकाच तो कारखान्याच्या फाटकाशीही उभा आहे. तेव्हा आधी फाटकाशीच जाऊ.

अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेल-चादरींचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. सकाळी मालक येतात, तर आवारात, माल भरायच्या जागेवरच, एक अनोळखी ट्रक उभा. पासिंग कर्नाटकचं. रात्रीच्या वॉचमनला 'थोडा वेळ लावतो' म्हणून आत घेतलेला. वार गुरुवार. ड्रायव्हर आणि क्लीनर स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला गेले असणार. इकडे दहा वाजता मुंबईचा माल भरायचा आहे. आता मालक काय करतात? एक जण फाटकाला कुलूप लावतो : येऊ दे त्याला, पाच हजार ठेव म्हणावं, मग ने गाडी. दुसरा चाकांतली हवा सोडतो. तिसरा क्रेन बोलावून गाडी ओढून बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवतो. सोलापुरात भेटेल त्याला 'काय मालक' म्हणायची रीत आहे. इथं प्रत्येक जण मालक, त्यामुळे मालकीचं भांडणही इथं जरा लवकर पेटतं.

तिघांचंही म्हणणं एकच : जागा माझी, घुसखोरी त्याची, मग माझं चुकलं कुठं? या म्हणण्याला एके काळी कायद्यात जागा होती. ती किती होती आणि पुढं तिचं काय झालं, ते आज बघू.

मोटारीच्या आधी परक्याच्या आवारात घुसायची ती गुरं. त्यावर मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नियम आहेत. मनुस्मृतीशी आमचं भांडण जगजाहीर आहे, पण हा भाग वाचण्यासारखा आहे. गावाभोवती शंभर धनुष्यांची जागा चराईसाठी सोडायची. त्या पट्ट्यात कुणी पीक घेतलं, कुंपण घातलं नाही आणि गुरांनी ते खाल्लं, तर राजानं गुराख्याला दंड करायचा नाही. कुंपण घालायचं तर ते असं, की उंटाला वरून डोकावता येऊ नये आणि कुत्र्याला किंवा डुकराला भोकातून तोंड घालता येऊ नये. म्हणजे तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न : तू तुझी हद्द दाखवलीस का? दुसरी गोष्ट अशी, की व्यायल्यावर दहा दिवसांच्या आतली गाय दंडातून सुटलेली. अडचणीतल्या जिवाला सूट आहे. फाटकाशी 'परवानगीशिवाय वाहन उभे करू नये' ही पाटी लावणं म्हणजे हेच कुंपण, इतकं आत्ता लक्षात ठेवा.

आता कोंडवाडा. आमच्या पिढीनं गावोगावी त्याच्या दगडी भिंती पाहिल्या आहेत. त्याच्यामागचा कायदा 1871 चा, सालातला पहिलाच. त्याच्याआधी 1857 चा होता. या कायद्यात 'गुरं' या शब्दाची व्याख्या हत्ती आणि उंटापासून मेंढी-करडापर्यंत जाते. शेतात शिरून नुकसान करणारं जनावर धरायचा हक्क शेत कसणाऱ्याला किंवा जमिनीचा ताबा असणाऱ्याला दिलेला आहे. ताबा हा शब्द महत्त्वाचा, कारण एमआयडीसीतला भूखंडधारकही बहुधा जमिनीचा पूर्ण मालक नसतोच. महामंडळ 1962 साली स्थापन झालं, तेव्हापासून भूखंड साधारण 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले जातात. तरी ताबा त्याचा, आणि घुसखोरीविरुद्ध तक्रारीला ताबा पुरतो.

मग या धरण्याच्या हक्काला सीमा काय? इथं या साध्यासुध्या कायद्याची खरी अक्कल दिसते. धरलेलं जनावर 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, आपल्या गोठ्यात बांधून ठेवायचं नाही. कोंडवाड्यावरचा माणूस वहीत नोंद करणार : जनावर कसलं, कुठल्या दिवशी, किती वाजता आलं, कुणी आणलं, कुणाचं आहे. त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला देणार. वैरणपाणी तो करणार. सात दिवसांत मालक आला नाही, तर पोलिसांना कळवायचं, मग सूचना, मग लिलाव. आणि दंड? दंड जातो सरकारी हिशेबात. ज्यानं गुरं धरली त्याला त्यातून काही नाही. पिकाची भरपाई हवी असेल तर त्यानं वेगळा दावा करावा, तो हक्क शाबूत ठेवला आहे. शिवाय कुणी बेकायदा गुरं धरली, तर जनावराच्या मालकाला दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे जाऊन शंभर रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. 1871 चे शंभर रुपये, हं! उलट, कायदेशीर धरलेली गुरं कुणी दांडगाईनं सोडवून नेली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे इथं तिघं आहेत. धरणारा, ज्याचं धरलं तो, आणि राखणारा. धरणाऱ्याला राखता येत नाही, राखणाऱ्याचं भांडणाशी देणंघेणं नाही, आणि धरण्यातून धरणाऱ्याला कमाई नाही. आमच्या मते कोंडवाड्याचा सगळा न्याय या तिसऱ्या माणसात आहे.

आता थोडं इंग्लंडला जाऊ, कारण आपल्या या कायद्यामागं तिथली जुनी रूढी होती. नुकसान करणारी परकी वस्तू भरपाई मिळेपर्यंत अडवून ठेवायची, अशी ती रूढी. मूळ गुरांसाठी, पण ती कुठवर ताणली गेली बघा. 1852 च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला एका रेल्वे कंपनीचं इंजिन प्रतिस्पर्धी मिडलँड कंपनीच्या स्थानकात आलं. मिडलँडवाल्यांनी आपली इंजिनं चहूबाजूंनी आणून त्याला घेरलं, ढकलत एका शेडमध्ये नेलं आणि शेडकडे जाणारे रूळच उखडून टाकले! सात महिने ते इंजिन तिथं अडकून पडलं. कायद्याच्या पुस्तकांत गुरं अडवण्याच्या रूढीबरोबर रेल्वे इंजिनाचा दाखला येतो, तो या झगड्यामुळं. फाटकाला कुलूप लावणारे आपले मालक आणि मिडलँड कंपनी यांचा विचार एकच.

पुढं तिथं मोटारींच्या चाकाला लोखंडी खोडा घालणाऱ्या खाजगी टोळ्या निघाल्या. पाटी वाचून गाडी लावलीत म्हणजे तुम्ही खोड्याला संमती दिलीत, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयानं 1995 च्या सुमारास मान्य केलं. स्कॉटलंडच्या न्यायालयानं मात्र त्याआधीच, 1992 साली, याला खंडणी आणि चोरी ठरवलं होतं. शेवटी 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत खोडा घालणं हाच गुन्हा झाला. स्कॉटलंडचं बरोबर होतं, असं आमचं मत.

स्कॉटलंडला 1992 मध्ये जे दिसलं, ते आपल्या दंडसंहितेत 1860 पासून लिहिलेलं होतं. मेकॉलेचा मसुदा 1837 चा, कायदा 1860 चा, अंमल 1 जानेवारी 1862 पासून. त्यात चोरीच्या कलमाखाली उदाहरणं आहेत. त्यातलं एक आमच्या फाटकाला तंतोतंत लागतं : एखाद्यानं दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून काढून घेतली, आणि परत देण्यासाठी पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घ्यायचा त्याचा बेत असेल, तर ती चोरी. कायमची पळवायची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम 378 होतं ते 303 झालं, उदाहरण मात्र तसंच राहिलं. गाडी ओढून आपल्या शेडमध्ये नेणाऱ्यावर ते सरळ चालून येतं. नुसतं कुलूप लावणाऱ्याचा वकील म्हणेल, गाडी तर जागची हलली नाही. बरं, पण पाच हजार मागितले त्याचं काय? तिथं खंडणीच्या कलमाची चर्चा सुरू होते. आणि हवा सोडली, टायर फाडला, काच फुटली, की आगळीक, म्हणजे मालमत्तेची खोडसाळ नासधूस. सकाळी फिर्यादी असलेला माणूस दुपारी आरोपी होतो तो असा.

'पण मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे की नाही?' आहे. चोरी, आगळीक, गुन्हेगारी घुसखोरी यांच्याविरुद्ध आहे. पण त्याच प्रकरणात एक अट आहे : सरकारी अधिकाऱ्याकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. ड्रायव्हर नसलेला, इंजिन बंद असलेला ट्रक म्हणजे वेळच वेळ. शिवाय घुसखोरी गुन्हेगारी ठरायला त्रास द्यायचा, अपमान करायचा किंवा गुन्हा करायचा इरादा लागतो. दर्शनाला गेलेल्या माणसाचा तो इरादा सिद्ध करणं अवघड.

मग मोटार कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचं कलम 127. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी ओढून न्यायला किंवा खोडा घालायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. ओढण्याचा खर्च गाडीमालकाचा. म्हणजे फाटकाबाहेर, एमआयडीसीच्या रस्त्यावर, तिसरा माणूस हजर आहे. फाटकाच्या आत? सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथं लोकांना जायचा हक्क आहे ते. अपघातविम्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं ऐंशीच्या दशकात याचा अर्थ फार रुंद घेतला : खाजगी जागा असली आणि लोकांचा प्रवेश नियंत्रित असला तरी ती त्यात येते. उलट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या बंदिस्त आवाराबद्दल सांगितलं, की ते सार्वजनिक ठिकाण नाही, तिथंच चालणाऱ्या गाड्यांवर वाहन कर नाही. दोन्ही निकाल आपापल्या हेतूपुरते बरोबर. पण ज्याच्या फाटकात ट्रक उभा आहे, त्याच्या हाती यातून क्रेन लागत नाही. आमची तक्रार आहे ती हीच. शेतकऱ्याला 1871 साली कोंडवाडा दिला, आणि कारखानदाराला 1988 च्या कायद्यानं फाटकाच्या आत काहीच दिलं नाही. मग माणूस स्वतःच कोंडवाडा होतो, आणि फसतो.

ही चैनीची अडचण आहे असं समजू नका. 18 मे 2025 ला पहाटे याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात लहान मूलही होतं. त्या आगीशी उभ्या गाड्यांचा संबंध जोडायचा नाही आम्हाला. पण सूत आणि कापूस जिथं भरलेला असतो, तिथं बंबाची वाट अडवून उभा असलेला परका ट्रक ही काय चीज आहे, हे त्या दिवसानंतर समजावून सांगावं लागू नये. अशा प्रसंगी कायदा हात बांधत नाही. मोठं नुकसान टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेनं लहान नुकसान केलं तर तो गुन्हा नाही. संहितेतलं उदाहरणच आगीचं आहे : आग पसरू नये म्हणून घरं पाडणाऱ्या माणसाचं. घर पाडता येतं, तर ट्रक ढकलता येतो. पण आग लागलेली असताना. 'लागली असती तर' म्हणून नाही.

मग आपल्या गुरुवारच्या मालकांनी करायचं काय? गाडीचा, नंबरप्लेटचा, पाटीचा आणि अडलेल्या जागेचा वेळेसह फोटो. मालट्रकवर बहुधा ट्रान्सपोर्टचा फोन रंगवलेला असतोच. तिथं फोन आणि संदेश. मग 112, आणि एमआयडीसी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, पोच घेऊन. नंबरवरून मालक शोधणं पोलिसांना सोपं असतं, आणि गाडी चोरीची निघाली तर तुमचा अर्ज हाच तुमचा बचाव. हलवायचीच वेळ आली तर पोलिसांसमक्ष, पंचनामा करून, गाडीला ओरखडा न येता. क्रेनचा खर्च आणि अडलेल्या मालाचं नुकसान नोटीस देऊन, नाहीतर दिवाणी दाव्यात मागायचं; गाडी ओलीस ठेवून नाही. बाहेर रस्त्यावर ओढून सोडली, तर रस्ता अडवण्याचा दोष आता आपल्या माथी, हे तिसऱ्या मालकांसाठी. पोलीस ठाण्याचं आवार हाच आजचा कोंडवाडा झाला आहे. तिथं गाड्या गंजत ठेवू नका, फोटो-पंचनामा करून लवकर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलं. ठाण्याबाहेरच्या गाड्यांची रांग बघितली, की ते किती ऐकलं गेलं हे कळतं.

आता एक गोष्ट मघाशी आम्ही मुद्दाम भरभर सांगितली. वॉचमननं गाडी आत घेतली होती. 'थोडा वेळ' म्हणाला होता. म्हणजे हा ट्रक घुसखोर नव्हताच! मालकाच्या माणसानं फाटक उघडून दिलेली ती परवानगी. वॉचमनला तसा अधिकार होता का, यावर वाद घाला, पण ड्रायव्हरला ते कसं कळणार? 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात अशा परवानगीला नाव आहे, अनुज्ञप्ती. ती मालकाला बहुतेक वेळा परत घेता येते, पण घेतल्यावर समोरच्याला निघायला आणि आपली वस्तू न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो, कलम 63. अक्कलकोटहून सोलापूरला यायला तासभर लागतो. तेवढा वेळ कुठलंही न्यायालय वाजवीच म्हणेल. तेव्हा फाटकाशी कोंडवाड्यासारखी एक वही ठेवा, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, आत आल्याची वेळ, निघायची वेळ, सही. आणि रात्री गाडी आत घ्यायची की नाही हे वॉचमनला एकदा स्पष्ट सांगून ठेवा.