जुनी टेपयंत्रे आणि घुमटाचा नाद

एडिसनने 1877 साली सिद्ध केलेल्या फोनोग्राफवर मुद्रित आवाज ऐकता येई, तसाच स्वतःचा आवाज मुद्रितही करता येई. पुढे 1887 साली बर्लिनरचा ग्रामोफोन निघाला आणि ही दुसरी सोय गृहस्थाच्या हातून गेली. तबकडी कारखान्यातच घडू लागली. साहजिकच तीवर बहुधा नामवंतांचेच गाणे चढले. गोमंतकाच्या केसरबाई केरकरांचा स्वर तर 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. परंतु पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या वाड्यावरील चवथीची आरती कोणती कंपनी मुद्रित करणार?

गेलेली सोय चुंबकीय फितीने परत दिली. 1935 साली बर्लिन येथे मॅग्नेटोफोन लोकांपुढे आला. महायुद्धानंतर रिळांचे टेप-रेकॉर्डर सधन घरांत शिरले. 1963 साली फिलिप्सने कॅसेट काढली आणि यंत्र स्वस्त व सुटसुटीत झाले. आखातात नोकरीस गेलेले गोमंतकीय रजेवर येताना अशी यंत्रे आणू लागले. मग आरत्या, भजने, दशावतार आणि आजीच्या ओव्याही फितीवर उतरल्या.

या फितींचे मोल घुमटावरून कळते. घुमट हे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे वाद्य. डिचोलीचे कुंभारकाम प्रसिद्धच आहे. घुमटाच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले, ते योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि 2019 साली घुमटाला गोव्याचे वारसा-वाद्य हा मानही मिळाला. तथापि पूर्वीचा तो नाद ऐकावयाचा, तर जुन्या फितीलाच शरण जावे लागते.

मग जुने टेपयंत्र विकत घ्यावे काय? नव्या मुद्रणासाठी मुळीच घेऊ नये. ते काम खिशातला फोन अधिक चांगले करतो. मात्र ज्याच्या पेटीत जुन्या फिती आहेत, त्याने अवश्य घ्यावे. पण ते वाजवून पाहूनच. रबरी पट्टे सैल पडलेले असतात, फीत ओढणारा रूळ कडक झालेला असतो, हेड झिजलेले असते. रिळाचे यंत्र असल्यास त्याची गती आपल्या फितीशी जुळते की नाही, हे पाहावे. पहिली चाचणी बिनमहत्त्वाच्या फितीवर करावी. बुरशी लागलेली फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घेतल्याखेरीज लावू नये. एकदा नीट वाजली की तिची संगणकीय प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी.

यात दिरंगाई परवडणारी नाही. चुंबकीय फिती वाचविण्यास 2025 पर्यंतचाच अवधी आहे, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनि-चित्रपट संग्रहालयाने 2015 साली दिला होता. ती मुदत सरली आहे, आणि गोव्याचा दमट पावसाळा फितीला कोरड्या मुलखापेक्षा अधिक जाचतो. प्रत्येक घराने यंत्र घ्यावे असेही नाही; एका भजनी मंडळाने एक चालते यंत्र मिळविले, तर साऱ्या गावाच्या फितींचे काम भागेल. यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी घरची जुनी पेटी उघडून पाहावी. खरेदीचा निर्णय तेथेच होतो.