कॅमेरा कुणाच्या हातात?

आमच्या बचत गटात पापड लाटतानाचं शूटिंग कितीदा तरी झालं. माणसं आली, कॅमेरा फिरवला, गेली. ती फिल्म आम्हाला कधी दिसली नाही. म्हणून आज कोलकात्याच्या एका केंद्राची गोष्ट सांगतो.

१९६१ साली येशूसंघाचे फादर गॅस्टन रोबेर्ज कॅनडाहून भारतात यायला निघाले. वाटेत न्यूयॉर्कला त्यांनी सत्यजित राय यांचे अपूच्या आयुष्यावरचे तीन सिनेमे पाहिले. त्यात बंगालचं खेडं आहे, गरिबी आहे, पण माणसांची कीव केलेली नाही.

१९७० साली राय यांच्याच मदतीने फादरनी कोलकात्यात ‘चित्रबाणी’ सुरू केली. बाणी म्हणजे वाणी. केंद्र ख्रिस्ती धर्मगुरूंनी काढलेलं, पण तिथे शिकवायचे ते सिनेमा कसा पाहावा, कसा समजून घ्यावा, कसा करावा. काम वाढत गेलं. १९८६ साली सेंट झेवियर्स कॉलेजात शैक्षणिक फिल्म बनवणारं केंद्र उभं राहिलं. तिथले कार्यक्रम दूरदर्शनवरून देशभर दिसले. २०२० साली फादर वारले.

मैत्रिणींनो, भातसा आणि तानसा धरणं आपल्या शहापुरात. पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन आपण चालतो. ही फिल्म बाहेरच्याने का काढावी? मोबाईल आता गटात आहेच. पुढच्या बैठकीत ठरवू या, काय दाखवायचं ते. आणि फिल्म झाली की आधी आपल्याच पाड्यावर दाखवू.